सशाचा उजवा डोळा

त्या वर्षी आमच्या घरात दोन डोळे गळत होते. एक बाबांचा, एक सशाचा. दोन्ही उजवे. बाबांचा आधी सुरू झाला, सशाचा काही महिन्यांनी, आणि कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ते खिडकीबाहेर होतं. अंबरनाथला कंपन्यांच्या पट्ट्यालगत ज्यांनी संसार केलेत त्यांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी वारा फिरला की कधी सडक्या लसणासारखा, कधी जळक्या रबरासारखा वास घरात शिरायचा, डोळे चुरचुरायचे आणि प्रत्येक घरातली बाई उठून खिडक्या लावायची. कुणी कुणाला काही विचारत नसे. पोळ्या लाटता लाटता उठायचं, खिडकी लावायची, परत लाटायला बसायचं.

त्यामुळे बाबांच्या डोळ्यातून पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आज जास्तच सोडलंय मेल्यांनी."

त्या वाक्याची मला आजही भीती वाटते. किती खात्रीने म्हणाली होती ती. आणि आम्ही किती खात्रीने माना डोलावल्या होत्या.

बाबा रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होते. भिंतीचा रंग नव्हे, कापडाला लागते ती पावडर. लाल माल चालू असला की त्यांच्या बनियनवर गुलाबी डाग पडायचे, निळा असला की नखं निळी व्हायची. पावडरीच्या खात्यातल्या माणसांना कंपनी रोज गुळाचा एक खडा द्यायची. गूळ खाल्ला की घशात गेलेली धूळ उतरते, छाती साफ राहते, असं सगळेच मानत. मास्कही होते, पण ते कपाटात असत आणि बाहेरचं कुणी बघायला आलं की निघत. गुळाचा मात्र एक दिवस खाडा नाही. अर्धा खडा बाबा तिथेच खायचे आणि वर तंबाखूची गोळी लावायचे, कारण तिने तोंडात बसलेला केमिकलचा कडवटपणा मरतो. खात्यातले सगळेच लावायचे. बाबा उजव्या गालात लावायचे, झोपतानासुद्धा ती तिथे असायची.

उरलेला अर्धा खडा कागदात गुंडाळून घरी यायचा. लहानपणी तो माझा असे. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला गेले, उल्हासनगरच्या कॉलेजात जायला लागले, आणि मला त्या चिकट खड्याची लाज वाटायला लागली. नेमका तेव्हाच घरात ससा आला आणि गूळ त्याच्या नावावर चढला.

तो आम्हाला उल्हासनगरच्या कॅम्प एक भागातल्या बाजारात मिळाला. आई आणि मी पडद्यांचं कापड बघायला गेलो होतो. दुकानाबाहेर एका माणसाने पिंजऱ्यात पांढरे ससे कोंबून ठेवले होते, आणि कापडवाला सिंधी शेठ गल्ल्यावरून आईला म्हणाला, "ले जाओ भाभी, घर में रौनक रहेगी." आई म्हणाली, "रौनक बहोत है हमारे घर में, सांभाळायला माणसं कमी आहेत." आणि तरी एक ससा उचलून पिशवीत घातला. पडदे राहिले. ती अशीच होती, तोंडाने नाही म्हणत हाताने हो करणारी.

बाबांनी सशाला पाहिलं आणि पहिला हुकूम सोडला, "याला इथलं गवत द्यायचं नाही." आमच्या इमारतीमागून नाला जायचा. त्याच्या पाण्याचा रंग बघून बाबा सांगू शकत, आज कुठल्या कंपनीत काय शिजतंय. त्या नाल्याच्या काठाला हिरवंगार गवत होतं, गुडघाभर, वर्षभर. "त्या गवताला मी चप्पल लावत नाही, हा तोंड लावणार?" ते म्हणाले. यात चूक काय होती? काहीच नाही. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

मग ससा काय खायचा? आम्ही जे खायचो ते. चहात भिजवलेली पोळी, दुधातला पाव, बिस्कीट, साल काढलेली काकडी, तीनतीनदा धुतलेली कोथिंबीर, आणि गूळ. बाबा कामावरून आले की भिंतीला टेकून जेवायला बसायचे, ससा त्यांच्या मांडीला चिकटून बसायचा, आणि एक घास इकडे, एक तिकडे. त्याला कडक काही लागू नये म्हणून बाबा पोळीची कडसुद्धा काढून टाकायचे. इतके लाड माझे झाले असते तर मी बिघडले असते, असं मी म्हणायचे. ससाच बिघडत होता, पण ते आम्हाला दिसत नव्हतं.

बाबांच्या डोळ्याला तोवर बरेच महिने झाले होते. पाणी थांबतच नव्हतं. ते खांद्यावर एक रुमाल ठेवायचे आणि बोलता बोलता डोळा टिपायचे, आणि आम्हाला त्याची सवय झाली. मग एक दिवस सशाचा उजवा डोळा ओला दिसला. दुसऱ्या दिवशी डोळ्याखालची लव चिकटून बसली. आठवड्याभरात गालावर पिवळट खपली धरली. आईने गुलाबपाणी घातलं. शेजारच्या सिंधी काकी येऊन म्हणाल्या, "नजर लगी है, मीठ-मिरची उतारो." बाबांनी तिथल्या तिथे फटकारलं, "आमच्या घरात हे चालत नाही, काकी." आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच आमच्याकडचे लिंबू, मिरच्या, अंगारे सगळे बंद झाले होते. बाबा तर दर रविवारी विहारात पोरांना सांगायचे, डोळ्यांनी दिसेल त्यावर विश्वास ठेवा, पुरावा मागा. पुरावा हा त्यांचा लाडका शब्द होता. मी परीक्षेत पहिली आले असं सांगितलं तरी म्हणायचे, "पुरावा?"

तो पुरावा आता त्यांच्या मांडीशी बसला होता. "बघ," ते आईला म्हणाले, "मी तरी कंपनीत जातो. हा तर घराबाहेरही पडत नाही. याचाही डोळा गेला. म्हणजे हवाच." सांगताना त्यांचा आवाज जवळजवळ आनंदाचा होता. मला ते आवडलं नाही. का नाही आवडलं, हे तेव्हा सांगता आलं नसतं.

ही बातमी युनियनच्या सेक्रेटरींपर्यंत गेली. ते बाबांचे जुने मित्र, वस्तीतले, मी त्यांना काका म्हणायचे. माणूस चांगला, फक्त घरातही सभेत बोलल्यासारखा बोलायचा. गॅस आणि नाला यांबद्दल कामगारांनी आणि आजूबाजूच्या इमारतींनी मिळून सरकारकडे तक्रार केली होती. तपासणीला साहेब येणार होते आणि त्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. वास दाखवता येत नाही. साहेब दुपारी येणार, वास संध्याकाळी सुटणार. नाल्याचा रंग साहेब येण्याच्या आदल्या दिवशी पांढरा होणार, हेही सगळ्यांना माहीत होतं. डोळा मात्र दाखवता येतो.

काका आमच्या घरी आले, बाबांची हनुवटी धरून त्यांनी डोळा उजेडाकडे फिरवला, मग खाली वाकून सशाचा बघितला आणि मांडीवर थाप मारली. "वहिनी, आता काही घालू नका यात. ना गुलाबपाणी, ना ड्रॉप. साहेब येऊन जाऊ देत. जसं आहे तसं दिसलं पाहिजे."

"सशाच्या पण?" आईने विचारलं.

"सशाच्या तर मुळीच नाही. माणूस खोटं बोलतो म्हणतील. जनावर कशाला खोटं बोलेल?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे." आणि गुलाबपाण्याची बाटली फडताळात गेली.

साहेब पुढच्या आठवड्यात येणार होते. मग महिनाअखेरीला. मग निवडणुकीची गडबड झाली, मग साहेबांची बदली झाली, मग नवे साहेब आधी फाइल वाचणार होते. आमच्या घरात दोन डोळे साहेबांसाठी राखून ठेवले होते आणि ते राखता राखता बिघडत चालले होते. येणारे-जाणारे बघायला यायचे. आधी बाबांचा बघायचे, मग सशापाशी बसायचे, च् च् करायचे, आणि चहा पिऊन कंपनीला शिव्या घालत जायचे. मला त्या सगळ्यांचा राग यायचा. घर होतं ते, प्रदर्शन नव्हतं.

आणि मग मला दुसऱ्या गोष्टी दिसायला लागल्या. सशाची हनुवटी सतत ओली असायची. तो बशीपाशी धावत यायचा, हुंगायचा, पोळीचा तुकडा तोंडात घ्यायचा, आणि तो तुकडा तसाच बाहेर पडायचा. मग तो बशीकडे बघत बसायचा. हात फिरवला की पाठीचा कणा बोटांना लागायचा. तिकडे बाबांनी भाकरी सोडली होती. मटण, जे त्यांच्यासाठी रविवारी व्हायचंच, त्यातला ते फक्त रस्सा घ्यायचे. "वय झालं," म्हणायचे, "दात हलायला लागले." आईने दोघांसाठी एकाच पातेल्यात मऊ खिचडी टाकायला सुरुवात केली. अर्धी बाबांना, अर्धी सशाला. जेवताना आमच्या घरात चावण्याचा आवाज फक्त माझा यायचा, आणि तो मला नकोसा व्हायला लागला.

एकदा मी चिडून म्हणाले, "बाबा, हवा दोन्ही डोळ्यांना लागते ना? मग डावा कसा काय ठणठणीत? तुमचाही आणि त्याचाही?"

मी विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून टोमणा मारला होता. बाबा मला असल्या प्रश्नांवर नेहमी शाबासकी द्यायचे. त्या दिवशी त्यांनी हातातला पेला जमिनीवर आपटला. "जास्त शिकलीस का?" ते ओरडले. मला आठवतं तेव्हापासून ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. पाणी फरशीवरून सशापर्यंत गेलं आणि तो तिथून हललाही नाही. आईने फडकं आणून पुसलं. त्यानंतर डाव्या डोळ्याचा विषय मी काढला नाही, पण जाता येता माझं लक्ष तिथेच जायचं.

शेवटी सशाचा डोळा बाहेर यायला लागला. आधी वाटलं सुजलाय. मग स्पष्ट दिसलं की आतून कुणीतरी ढकलावं तसा तो पुढे येतोय, पापणी मिटत नाहीये. त्याने खिचडीही सोडली. दिवसभर कोपऱ्यात पाठ वाकवून बसायचा आणि दात करकर वाजवायचा. आईने सकाळी त्याला पाहिलं, दोरीवरचा निळा टॉवेल ओढला, त्याला त्यात गुंडाळलं आणि मला म्हणाली, "चल."

नेमके त्याच वेळी काका दारात. "वहिनी, सोमवारी येतायत साहेब. या वेळी पक्कं आहे. एवढे दिवस थांबलात..."

"सोमवारी मेलेला दाखवू का?" आई म्हणाली आणि त्यांच्या बाजूने जिना उतरली.

उल्हासनगरला एक नवीन डॉक्टरीण आली आहे आणि ती कुत्र्या-मांजरांशिवाय ससेही बघते, असं माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. आम्ही रिक्षाने गेलो. आईने रस्ताभर टॉवेलच्या आत हात घातलेला होता, छाती हलतेय का बघायला. डॉक्टरीण वयाने माझ्याहून फार मोठी नसेल. तिने सशाला टेबलावर ठेवलं, डोळ्याकडे एक नजर टाकली आणि चक्क डोळा सोडून दिला. टॉवेल नीट आवळला, कानात बघायचं बॅटरीचं यंत्र घेतलं आणि ते त्याच्या तोंडात घातलं.

"डोळा इकडे आहे," मी म्हणाले. माझी जीभ तेव्हा फार चालायची.

"दुखणं इकडे आहे," ती म्हणाली, आणि मला वाकून बघायला लावलं. त्या छोट्या उजेडात सशाच्या दाढा दिसत होत्या. खालच्या दाढांची टोकं वाढून जिभेकडे वळली होती आणि जिभेच्या कडेला जखम होती. "आई, सशाचे दात मरेपर्यंत वाढतात," ती सांगू लागली. "गवत चावून चावून ते झिजायला पाहिजेत. मऊ खाणं दिलं तर झिजणार कशाने? वरच्या दाढा मग मुळाकडून वर सरकतात. वर काय आहे? डोळा. आधी अश्रूंची नळी दबते, पाणी बाहेर गळतं. मग आत पू होतो आणि तो डोळ्याला पुढे ढकलतो. तुम्ही डोळ्यात काहीही घातलं असतं तरी उपयोग नव्हता."

"गॅस नाही?" आईने विचारलं.

"गॅसने दोन्ही डोळे गेले असते."

याच प्रश्नावर बाबांनी पेला आपटला होता. मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"इतके दिवस कळलं कसं नाही?" आई पुटपुटली.

"तो कळू देत नाही. ससा म्हणजे कुणीतरी खाणार असं जनावर. दुखतंय हे दाखवलं की संपला. म्हणून शेवटपर्यंत ठीक असल्यासारखा वागतो." ती कागद पुढे ओढून प्रश्न विचारू लागली. "खाण्यापाशी येतो आणि मागे फिरतो?"

"हो."

"एकाच बाजूने चावतो?"

"हो. डावीकडून. उजवीकडे घास गेला की थांबतात."

"तोंडाला वास येतो?"

"येतो. काही दिवस झाले. मी म्हटलं तंबाखूचा."

डॉक्टरणीने पेन थांबवलं. "तंबाखूचा? सशाच्या तोंडाला?"

आई टेबलाची कड धरून उभी होती. "ससा नाही," ती म्हणाली. "आमचे हे. त्यांचाही उजवाच डोळा गळतो. भाकरी सोडलीय. जांभई देताना गाल धरतात."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "मी जनावरांची डॉक्टर आहे, आई. माणसाबद्दल मी बोलणार नाही. पण त्यांना दाखवा. सोमवार-मंगळवार करू नका."

सोमवारचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. लोक असेच बोलतात, सोमवार-मंगळवार.

सशाला तिने ठेवून घेतलं. आम्ही रिकामा टॉवेल घेऊन घरी आलो. बाबांची दुसरी पाळी होती, ते भिंतीला टेकून बसले होते, खांद्यावर रुमाल. "काय म्हणाला डॉक्टर?" त्यांनी विचारलं. आईने तोच निळा टॉवेल, सशाची लव चिकटलेला, त्यांच्या खांद्यांवरून पुढे घेऊन गळ्यापाशी धरला.

"न्हावी बोलावलायस का?" बाबा हसले.

"तोंड उघडा."

"अगं, काय..."

"तोंड उघडा म्हणते ना." आणि मला, "बॅटरी आण."

मी कपाटातली बॅटरी आणली. बाबांनी तोंड उघडलं, आणि ते उघडलंच नाही. दोन बोटं जेमतेम जातील एवढं, त्यापुढे नाही. मी बाबांसमोर गुडघ्यांवर बसले आणि उजेड आत सोडला. वरच्या उजव्या दाढांच्या मागे हिरडी नव्हतीच, म्हणजे होती, पण पांढरी-लाल, फुगलेली, फुलकोबीसारखी. त्यात एक दाढ तिरकी उभी होती. मला बीएस्सीच्या पुस्तकातलं काही आठवलं नाही. मला फक्त एवढं कळलं की हे आजचं नाही.

मी बॅटरी विझवली. बाबा माझ्याकडे बघत होते. उजव्या डोळ्यातलं पाणी टॉवेलवर ठिबकत होतं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "जिभेला लागतं."

"कधीपासून?" आईने विचारलं.

"डोळ्याच्या आधीपासून."

आई खाली बसली. मग बाबा हळूहळू बोलले, एकेक वाक्य. साहेब येऊन जाऊ दे म्हटलं. इतक्या लोकांनी सह्या केल्यात. सगळे माझा डोळा दाखवतात. आता तंबाखूचं आहे असं निघालं तर कंपनी हसेल, बाकीच्यांचं कुणी ऐकणार नाही. गॅस काय खोटा आहे का? तुम्ही खिडक्या लावता त्या काय उगाच? एकदा तपासणी झाली की जाणारच होतो.

"तुमचा डोळा काय सार्वजनिक आहे?" आई किंचाळली. मग तिने तोंडात पदर कोंबला आणि ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला राग आला. आयुष्यभर पुरावा पुरावा करणाऱ्या माणसाने आपल्याच तोंडातला पुरावा जिभेखाली दडपून ठेवला होता, आणि तोही खरं बोलणाऱ्यांची बाजू पडू नये म्हणून. आजही त्यांची आठवण काढताना माया आधी येते की राग, ते मला ठरवता येत नाही.

पुढचं पटकन सांगते, कारण ते पटकन झालं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात त्यांचं ऑपरेशन झालं. वरचा उजवा जबडा काढला, आणि वरपर्यंत पोचलं होतं म्हणून डोळाही. टाळूला भोक पडलं, तिथे एक प्लॅस्टिकची पट्टी बसवली. ती लावल्यावर जेवता यायचं, आणि बोलणं नाकातून यायचं, जे फक्त मला आणि आईला कळायचं. सशाचाही डोळा वाचला नाही. डॉक्टरणीने तो काढला, पू काढला, दाढा घासल्या, आणि तो घरी आला तेव्हा बाबांकडे बघत बसला. दोघे डाव्या डोळ्याने एकमेकांकडे बघत होते. आई म्हणाली, "आता कुणी कुणाला हसायचं नाही." आणि बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

गवत चिखलोलीकडून यायचं. तिकडे तेव्हा इमारती नव्हत्या, धरणाच्या अंगाला मोकळं रान होतं. आई सकाळी जाऊन स्वतः कापून आणायची, वास घेऊन बघायची, मग भारा बांधायची. ससा ते गवत कराकरा चावायचा. बाबा तो आवाज ऐकत डोळा मिटून पडायचे. कंपनीचा गूळ बंद झाला होता, कारण कंपनीच बंद झाली होती बाबांसाठी.

आणि मग एके दिवशी, कुणी वाट बघत नसताना, साहेब आले. दुपारी नाही, संध्याकाळी आले, कारण त्यांची गाडी रस्त्यात बिघडली होती. काका त्यांना जिन्यावरून आमच्याकडे घेऊन आले. बाबांच्या तोंडाबद्दल काकांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी साहेबांना काही सांगितलेलं नव्हतं. "हेच ते," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आणि तो ससा."

साहेबांनी डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बाबांकडे पाहिलं, एकडोळ्या सशाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. "हे गॅसने?" त्यांनी विचारलं.

बाबा काहीतरी म्हणाले. साहेबांना समजलं नाही. काकांनी माझ्याकडे बघून, हो म्हण, अशी किंचित मान हलवली. बाबांनीही माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "साहेब, माझा डोळा तंबाखूने गेला. सशाचा दातांनी गेला. हे दोन पुरावे खोटे आहेत."

काकांनी डोक्याला हात लावला. बाबा पुन्हा बोलले आणि मी पुन्हा सांगितलं. "पण तुम्ही आत्ता आलात. तुमच्या डोळ्यांना का पाणी येतंय?"

वारा फिरला होता. सडक्या लसणाचा वास पूर्ण खोलीत होता, आणि साहेबांचे दोन्ही डोळे लाल होऊन गळत होते. दोन्ही. त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळे टिपले, आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "धुरळा फार आहे तुमच्याकडे." मग ते गेले. आईने उठून खिडकी लावली.

त्यानंतर कुणी आलं नाही. काका काही दिवस रुसले होते, मग येऊ लागले. ससा जाडजूड झाला. बाबा रोज त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून त्याचं तोंड बघायचे, मी बॅटरी धरायचे. आमचं बरं चाललं होतं असं मला वाटायला लागलं होतं.

पुढच्या थंडीत एका सकाळी आई बाबांचा चहा घेऊन आली आणि कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली. बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. त्या दिवशी कंपन्यांना सुट्टी होती. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि हवेला कसलाही वास नव्हता. ससा गवत खात होता. आईने कपबशी खाली ठेवली आणि दोरीवरचा टॉवेल काढला. मी बॅटरी घेऊन आले तोवर बाबांनी आपणहून तोंड उघडलं होतं, जेवढं उघडत होतं तेवढं.